दोन ऋतूंच्या सांध्यावरची शेती

या मालेतल्या मागच्या व्याख्यानांत आपण ‘काळ’ या संकल्पनेकडे ग्रंथांच्या बाजूने पाहिलं. वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत जागा का दिली, ऑगस्टिनला हा प्रश्न इतका का छळत होता, याचा आपण विचार केला. आज तोच प्रश्न आपण शेताच्या बांधावर न्यायचा आहे. रेवसपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंत जो रायगडचा किनारा आहे, तिथलं एखादं लहान शेतकरी घर डोळ्यांपुढे आणा. वीस-तीस गुंठे भात, दारात चार माड, थोडी पोफळी, जमलं तर कांद्याचे वाफे. त्या घरात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत काय चालतं, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? सांगतो. या चार-पाच महिन्यांत थंडीची कामं संपलेली नसतात आणि पुढच्या हंगामाची तयारी येऊन उभी राहते. हात तेवढेच, दिवस उलट लहान. मग आधी कोणतं काम करायचं? हा प्रश्न त्या घराला रोज सकाळी सोडवावा लागतो. तो कसा सोडवला जातो हे समजलं, तर माणूस काळाशी कसा व्यवहार करतो याबद्दल आपल्याला बरंच काही समजेल. आणि तो सोडवणारी माणसं कमी झाली की काय होतं, तेही समजेल.

एक खुलासा आधीच करू. पुस्तकातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. आंब्याचा मोहोर, कोकिळा वगैरे. पण कोकणातला शेतकरी वसंताची तयारी करत नाही, वसंतात तयारी करतो. त्याची नजर मृगावर असते. थंडीचं उरलेलं काम आणि पावसाळ्याची सुरुवात यांच्यातला जो सांधा आहे, तोच आपला विषय.

आधी जमीन समजून घेऊ

किनाऱ्यावरच्या एका घराची जमीन सहसा एकजिनसी नसते. घराभोवती वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. थोडं खाली भाताची खाचरं. डोंगराच्या अंगाला वरकस, म्हणजे गवताची आणि झाडोऱ्याची हलकी जमीन. आणि खाडीलगतच्या गावांत, विशेषतः अलिबाग-पेणच्या खारेपाटात, समुद्राला बांध घालून मिळवलेली खारजमीन. प्रत्येक घराकडे हे सगळं असतं असं नाही. पण ज्याच्याकडे दोन प्रकारच्या जमिनी आहेत, त्याच्याकडे दोन घड्याळं आहेत असं समजा. त्यांची वेळ एकमेकांशी जुळत नाही.

भाताचंच पाहा. हळवं भात पेरणीपासून साधारण ११० ते ११५ दिवसांत तयार होतं, गरवं १४० ते १५० दिवस घेतं. हळवं घेतलं तर आश्विनातच कापणी येते. हस्ताचा पाऊस अजून गेलेला नसतो, त्यामुळे कापलेलं भात भिजण्याची भीती. गरवं घेतलं तर ती भीती कमी, पण शेत मोकळं व्हायला कार्तिक उजाडतो. आता या दोन-चार आठवड्यांच्या फरकाने काय बिघडतं? बिघडतं ते वालाचं.

वाल हे आपल्या किनाऱ्याचं थंडीतलं खरं पीक. बिरड्याचा कडवा वाल आपण सगळे खातो, माघात पोपटी लावून शेंगाही खातो. पण तो वाढतो कशावर, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. त्याला बहुतेक ठिकाणी पाणी देत नाहीत. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर आणि पहाटेच्या दवावर तो येतो. शेतकी भाषेत याला अंगओलीवरचं पीक म्हणतात. भात कापल्यावर ही ओल रोज थोडी थोडी खाली जाते. ती बियाच्या हाताशी आहे तोवरच पेरणी. आठ-दहा दिवस उशीर झाला तर बी रुजतं, पण मुळाला ओल सापडत नाही आणि रोप माघात मान टाकतं.

म्हणजे नोव्हेंबरात वाल होणार की नाही, याचा अर्धा निर्णय जूनमध्ये भाताची जात निवडताना होऊन गेलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

कार्तिक ते फाल्गुन

आता कामं पाहू. दिवाळीच्या आगेमागे कापणी चालू असते. कापलेलं भात एक-दोन दिवस वाळवायचं, भारे बांधायचे, खळ्यावर आणून उडवी रचायची, मग झोडणी. झोडणी थांबू शकते. उडवी नीट रचली असेल तर भात महिनाभर सुखरूप राहतं. वालाची पेरणी मात्र थांबू शकत नाही. म्हणून जुनी माणसं काय करायची? भात उडवीत रचून ठेवायची आणि आधी वाल पेरून घ्यायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, हातात आलेलं धान्य सोडून ही मंडळी नांगर का धरतात? कारण धान्य पळून जात नाही, ओल पळून जाते.

अर्थात याला जोखीम आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं. कार्तिक महिन्यात असं पाणी पडलं की शेतात पसरलेलं भात जागच्या जागी उगवायला लागतं. अलीकडे अवकाळी पाऊस वरचेवर येतो. त्यामुळे ‘आधी वाल, मग झोडणी’ हा क्रम दरवर्षी जसाच्या तसा चालवता येत नाही. आकाश पाहून तो उलटाही करावा लागतो.

त्याच सुमारास पांढऱ्या कांद्याचं रोप तरारलेलं असतं. अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे या बाजूला हा कांदा होतो. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भात निघालेल्या खाचरात वाफे पाडून डिसेंबराच्या सुमारास रोप लावतात, फेब्रुवारी-मार्चात कांदा निघतो. काढून, सुकवून, पातीसकट वेणी घालून त्याच्या माळा करतात. हे वेणी घालणं बहुतेक बायकांच्या हातचं काम. रस्त्याच्या कडेला बांबूवर टांगलेल्या माळा आपण गाडीतून पाहतो. तिच्यामागे तीन महिन्यांचं वाकून काम आहे.

या कांद्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्याचं बी शेतकरी घरीच धरत आले आहेत. निवडक कांदे बाजूला ठेवायचे, पुढच्या थंडीत ते वेगळे लावायचे, त्यांना फुलं येऊ द्यायची, मग बी. आणि कांद्याचं बी फार टिकत नाही, वर्षभरात त्याचा जोर जातो. एक वर्ष हे काम चुकलं तर पुढच्या वर्षी बी शेजाऱ्याकडे मागायचं. साऱ्या गावानेच काही वर्षं चुकवलं तर मागायला शेजारीही उरत नाही.

इकडे वाडीतही थंडी म्हणजे विसावा नसतो. सुपारीचे घड पिकून नारिंगी झालेले, ते उतरवायचे आणि महिनाभराहून जास्त उन्हात वाळवायचे. रोज पसरायचे, फिरवायचे, सायंकाळी झाकायचे. दिवाळीनंतर बागेला पाणी सुरू करायचं. पूर्वी रहाट होते, आता पंप आहेत. आंब्याला डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो. त्याबरोबर तुडतुडे आणि भुरी येतात, आणि फवारणीची धावपळ सुरू होते.

आणि याच दिवसांत पुढच्या पावसाची तयारी सुरू होते. वरकसावर जाऊन कवळ तोडायचं, म्हणजे झाडांच्या लहान फांद्या छाटून मोळ्या बांधायच्या. गवत कापून आणायचं. पातेरा गोळा करायचा. शेण साठवायचं. फाल्गुन-चैत्रात राब भाजायचा. बांध घालायचे. मग फाटी भरायची, घर शाकारायचं, आणि शेवटी आगोट, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांचा मीठ-मिरचीपासून सुक्या मासळीपर्यंतचा साठा.

ही यादी अजून लांबवता येईल. पण यादीत काही शहाणपण नसतं. ते क्रमात असतं.

बोलकी कामं आणि मुकी कामं

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या सहाव्या भागात ज्ञानाचे प्रकार वेगळे केले. गणिताचं ज्ञान वेगळं, कारागिराचं वेगळं आणि व्यवहारातला विवेक वेगळा. या तिसऱ्याला तो ‘फ्रोनेसिस’ म्हणतो. त्याचं निरीक्षण असं, की तरुण माणूस उत्तम गणिती होऊ शकतो, पण त्याच्याकडे हा विवेक सहसा नसतो. कारण विवेकाला अनुभव लागतो, आणि अनुभवाला वर्षं लागतात. आमच्या मते शेतावरचा कामांचा क्रम हे या विवेकाचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे.

आपण त्या कामांचे तीन गट करून पाहू.

पहिला गट, ज्यांची वेळ आपोआप मिटते अशी कामं. वालाची पेरणी, मोहोरावरची फवारणी, कांद्याच्या रोपाची लावणी. इथे घासाघीस चालत नाही. ओल, मोहोर, रोपाचं वय, सगळं आपल्या हाताबाहेर आहे.

दुसरा गट, पुढेमागे सरकू शकणारी कामं. झोडणी, गवताची वाहतूक, सुपारी सोलणं. ही कामं शेतकऱ्याची उशी असतात. पहिल्या गटातलं काम आलं की ही बाजूला सारता येतात.

तिसरा गट सगळ्यांत फसवा. ही कामं आज केली नाहीत तर आज काहीही होत नाही. उद्याही होत नाही. बांधाची डागडुजी, उघाडीची दुरुस्ती, बियाण्याचे कांदे वेगळे लावणं, कवळ, शेण, नव्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी. यांची हाक ऐकू येत नाही. त्यांना आपण मुकी कामं म्हणू. त्यांचा जाब आषाढात विचारला जातो, किंवा पाच वर्षांनी.

पहिल्या गटातली कामं बोलकी असतात, ती ओरडून आपली वेळ सांगतात. त्यांचे पैसेही लवकर हाती येतात. त्यामुळे हात कमी पडले की प्रत्येक घर हेच करतं, बोलकी कामं उरकतं आणि मुकी कामं पुढच्या वर्षावर टाकतं. एखादं वर्ष हे चालतं. सलग पाच-सात वर्षं असं झालं, तर शेती आतून पोकळ होते. बाहेरून कांद्याच्या माळा दिसतच असतात.

ऑगस्टिनने म्हटलं होतं की भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ नसून मनात तीन प्रकारचा वर्तमान असतो. गेलेल्याची आठवण, समोरच्याकडे लक्ष, आणि येणाऱ्याची अपेक्षा. तो मनाबद्दल बोलत होता. शेतात हे तिन्ही वर्तमान हाताने शिवता येतात. पायाखालची ओल म्हणजे गेलेला पावसाळा. हातातला विळा म्हणजे आज. आणि खांद्यावरची कवळाची मोळी म्हणजे येणारा मृग. मुकं काम टळलं म्हणजे त्यातला तिसरा वर्तमान गळून पडला.

राब: एका मुक्या कामाची गोष्ट

राब म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यावर करायचं, तो साधारण लागवडीच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. एकराला चार गुंठे. त्यावर शेण, कवळ, पातेरा, गवत असे थर पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा पाहून पेटवायचा. आग भडकता कामा नये, धुमसत पुढे सरकायला हवी. त्या उष्णतेने तणाचं बी आणि किडे मरतात, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि पुढे रोप उपटताना मुळं तुटत नाहीत.

या एका दिवसाच्या आगीमागे थंडीतले कित्येक दिवस असतात. वरकसावर चढून कवळ तोडणं, वाहून आणणं. आणि ते साहित्य कुठून आणायचं, यावर मोठं राजकारण झालं आहे. इंग्रज सरकारने जंगलं राखीव केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा राबाच्या कवळाचाच हक्क अडचणीत आला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. जंगल खात्याला तोडलेली फांदी दिसत होती. शेतकऱ्याला त्या फांदीत पुढचं भात दिसत होतं. दोघांची नजर वेगवेगळ्या ऋतूवर होती.

आज शास्त्रज्ञ राब भाजू नका असं सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आगीत सेंद्रिय पदार्थ आणि नत्र जातं, झाडं खुरटतात, मेहनत फार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून गादीवाफ्यावर रोप करण्याची शिफारस आहे. कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांनी मांडलेली भाताची चारसूत्री पद्धत आहे. तीत भाताच्या तुसाची राख आणि पेंढा पुन्हा जमिनीला देणं, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि खताच्या गोळ्या ही सूत्रं येतात. बांधावर गिरिपुष्प लावलं तर वरकसावर चढायचीही गरज राहत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की पद्धत बदला, पण काम मुकंच राहतं हे विसरू नका. तुसाची राखही थंडीतच जमवून ठेवावी लागते. गिरिपुष्पाची फांदी आधीच्या वर्षी लावावी लागते. राब सोडला म्हणून थंडीत पुढचा विचार करण्याची जबाबदारी सुटत नाही.

बांध आणि तीन दिनदर्शिका

खारेपाटात मुक्या कामाची किंमत सगळ्यांत जबर. तिथे बाहेरकाठाचा बांध समुद्राला अडवतो. उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं पाणी आत येत नाही. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतलं मीठ धुतलं जातं, म्हणून भात येतं. पाऊस गेला की माती तापते, खालचं मीठ वर चढतं, म्हणून तिथे सहसा दुसरं पीक नाही. मग खारेपाटातल्या माणसाने थंडीत काय करायचं? बांध घालायचा. आणि शेततळ्यातला जिताडा सांभाळायचा.

खाजणातली चिकण माती पावसानंतर काही काळ कापता येते, उन्हाळ्यात ती दगड होते. आणि बांधाचं काम उधाणाच्या दिवसांत करता येत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी, म्हणून काम भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास. म्हणजे महिन्यातून दोनदा थोडे थोडे दिवस मिळतात. तेवढ्यात सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र यावं लागतं, कारण बांध एकाचा नसतो. एकाच्या हद्दीत खांड पडली तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

पूर्वी हे गावकीने होत असे. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारभूमीचा कायदा आला, मोठे बांध सरकारकडे गेले. काम मोठं होतं, सरकारने उचलणं गैर नव्हतं. पण भांगाचा दिवस आणि निविदेची तारीख यांची गाठ पडेलच असं नाही. बांध फुटला की शेत खारं होतं आणि मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. तेवढ्यात खारफुटी उगवते. खारफुटीला आता कायद्याचं संरक्षण आहे, किनाऱ्यासाठी ते हवंच. पण सातबाऱ्यावर शेत आणि जागेवर कांदळवन, अशी अवस्था होते. एका थंडीत न घातलेली माती कुठवर जाते पाहा.

यातून एक गंमतीची गोष्ट निघते. आपला किनाऱ्यावरचा शेतकरी एकाच वेळी तीन दिनदर्शिका पाळतो. भरती-ओहोटीसाठी चंद्राची तिथी. पावसासाठी सूर्याचं नक्षत्र, कारण मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, तिथी मात्र अधिक मासामुळे मागेपुढे होतात. आणि तिसरी इंग्रजी. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत, मुलांची दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. नेमका कांदा काढायच्या आणि राब भाजायच्या वेळी घरातले तरणे हात परीक्षेला बसलेले. ग्रीक कवी हेसिओडने सुमारे २७०० वर्षांपूर्वी शेतीची कामं आकाशातल्या कृत्तिकांवरून सांगितली. त्या उगवल्या की कापणी, मावळल्या की नांगरणी. त्याला एक आकाश पुरलं. आपल्या माणसाला आकाश, समुद्र आणि बँक तिघांकडे पाहावं लागतं.

हातातला दिवस कोणाचा?

आतापर्यंत आपण असं धरून चाललो की शेतकरी आपला दिवस आपल्या मनाने लावतो. या किनाऱ्यावर ते फार उशिरा शक्य झालं. खोतीच्या काळात कुळाला पिकाचा मोठा हिस्सा खोताला द्यावा लागे, आणि वर वेठ. वेठ म्हणजे खोताच्या शेतावर, घरावर फुकट राबणं. ज्या आठवड्यात आपल्या शेतातली ओल पळते आहे, त्याच आठवड्यात खोताचं बोलावणं आलं तर? विवेक असून उपयोग नाही, दिवसच आपला नाही.

म्हणून १९३३ च्या ऑक्टोबरात, अगदी भातकापणीच्या तोंडावर, अलिबाग तालुक्यात चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला, हे फार अर्थपूर्ण आहे. खोतांची जमीन कसायची नाही, असा तो निर्धार. तो १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. लोकांनी हाल सोसले. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला. आपण याकडे जमिनीचा लढा म्हणून पाहतो, तो होताच. पण आमच्या दृष्टीने तो दिवसाच्या मालकीचाही लढा होता.

आणि हा प्रश्न घराच्या उंबऱ्याआतही विचारायला हवा. वर सांगितलेल्या मुक्या कामांतली किती कामं बायका करतात? शेण, बियाणं राखेत घालून जपणं, सुपारी फिरवणं, पातेरा, फाटी, आगोट. क्रमाचं ज्ञान त्यांच्याकडे, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा दुसऱ्याचं. जुन्या घरांचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरं नाही.

आज काय होतं आहे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. दोन-तीन पिढ्यांनी लावलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ज्यांनी त्या पावसात रोपं लावली, त्यांची खरी परीक्षा पुढच्या थंडीत आणि उन्हाळ्यात होती. रोप लावताना फोटो निघतो. फेब्रुवारीत त्याच्या आळ्यात पाणी घालणाऱ्याचा निघत नाही. ज्या घरात पाणी घालणारं माणूस होतं, तिथे आज वाडी पुन्हा उभी राहते आहे.

दुसरं वादळ शांतपणे येतं आहे. त्याच २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. मुंबई जवळ आली. याने माल लवकर जातो, आजारी माणूस इस्पितळात वेळेवर पोचतो, हे चांगलंच आहे. त्याबरोबर जमिनीचा भावही चढला. आता विचार करा. ज्या शेताचे बांध सात वर्षं घातलेले नाहीत, जिथे वाल पेरायला वेळेवर कोणी नाही, ते शेत घरच्यांनाच ओसाड वाटायला लागतं. मग ‘यात काही राम नाही’ असं वाक्य येतं आणि पाठोपाठ दलाल येतो. शेत विकण्याचा निर्णय एका दिवशी होतो असं आपल्याला वाटतं. तो मुक्या कामांच्या सात थंड्यांत थोडा थोडा झालेला असतो.

नोकरीला मुंबईला गेलेल्या मुलांना यात दोष देण्याचं कारण नाही. वीस गुंठ्यांवर संसार चालत नाही, हे त्यांच्या आजोबांनाही ठाऊक होतं. तेही गिरणीत जातच होते. फरक एवढाच, की तेव्हा घरी कोणीतरी तिसऱ्या गटाच्या कामांकडे पाहणारं असे.

प्रश्नोत्तरं

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांतले दोन इथे देतो.

एका श्रोत्यांनी विचारलं, यंत्रं आली की हा प्रश्न सुटेल ना?

यंत्रांनी दिवस मिळतात, यात वाद नाही. चार दिवसांची झोडणी मळणीयंत्रावर अर्ध्या दिवसात होते. पण आपण काय पाहिलं? झोडणी हे दुसऱ्या गटातलं, सरकणारं काम. यंत्राने वाचलेले दिवस तुम्ही कुठे घालता, यावर सगळं अवलंबून आहे. ते बांधाकडे गेले तर शेती सुधारली. नाही तर काम सोपं झालं, शेती होती तिथेच राहिली.

दुसरा प्रश्न एका बाईंचा. त्या म्हणाल्या, सासू-सासरे गावी आहेत, दोघेही थकले. आम्ही महिन्यातून दोनदा जातो. आम्ही नेमकं काय करावं?

जमीन ठेवा की विका, हे बाहेरच्याने सांगू नये. पण दोन गोष्टी करता येतील. एक, या थंडीत सासूबाईंजवळ बसून वही करा. कामांची यादी नको. कोणतं काम कशाच्या आधी, कशावरून ओळखायचं, आणि ते चुकलं तर कधी कळतं, हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना भरायला सगळ्यांत वेळ लागेल, आणि तोच मोलाचा. दुसरी गोष्ट, तुमच्या महिन्याच्या दोन फेऱ्या बोलक्या कामांवर खर्च करू नका. कांदा काढायला मजूर मिळतो, कारण त्यात आज पैसा आहे. बांधावर माती टाकायला, बियाण्याचे कांदे वेगळे लावायला आणि रोपांना पाणी द्यायला तुम्ही जा. शेजारच्या दोन घरांशी सावड जमली तर आणखी बरं. पंचांगात भांगाचे दिवस बघून सुट्टी काढा, रविवार पाहून नको.

पुढच्या व्याख्यानात आपण समुद्राकडे वळणार आहोत. होड्या किनाऱ्याला लागल्यावर कोळीवाड्यात पावसाळ्याचे ते दोन महिने कसे मोजले जातात, हे पाहू.